मुराळ्यावाचून माहेरी

आमच्या भागात सासुरवाशीण आपली आपण माहेरी जात नसे. तिला न्यायला मुराळी यायचा. भाऊ, नाहीतर बाप, तोही नसला तर चुलता किंवा मामा. माहेरचा पुरुष उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, त्याला पाय धुवायला पाणी दिलं, चहा झाला, सासूनं दोन गोष्टी ऐकवल्या, की मग सुनेनं बोचकं काखेला मारायचं. नवऱ्यानं बायकोला माहेरी पोचवणं शोभत नसे, आणि सासऱ्यानं पोचवली तर टाकली असाच अर्थ व्हायचा. एकटी गेली तर मग विचारायलाच नको. माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणे. त्या एका वाक्यात सांगायच्या, "मुराळी न्हाई तर म्हायेर न्हाई."

आमचं गाव कोरेगावापासून दोन कोसांवर. श्रावण लागला की शिवारात घेवडा गुडघ्याएवढा झालेला असे आणि पंचमीच्या आधीच्या आठवड्यात गावच्या वाटेवर नुसते मुराळी दिसायचे. कुणी सायकलवरून, कुणी बैलगाडीतून, कुणी एसटीतून उतरून चिखल तुडवत. सायकलची घंटी वाजली की शेंगा तोडणाऱ्या सगळ्या सुना एकदम माना वर करायच्या. जिचा मुराळी असे ती शेंगांची पाटी तिथंच टाकून पळायची आणि बाकीच्या पुन्हा वाकायच्या. लग्नानंतरची पहिली पंचमी मी अशीच वाकून काढली. माझा भाऊ नुकताच पलटणीत भरती झाला होता, पंजाबात होता. वडील, म्हणजे आण्णा, माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. गिरणीची पाळी सोडून इतक्या लांब यायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. आता वाटतं, पाळीपेक्षा त्यांना वाटेचीच भीती असावी. ते फार हिंडलेले नव्हते.

दुसऱ्या वर्षी पंचमीच्या दहा दिवस आधी आण्णांचं कार्ड आलं. आमच्या घरात ते मीच वाचत असे, कारण मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, चष्मा फुटला होता. सगळ्यांपुढं मी वाचायला लागले. सुशीला मिरजेचं एक स्थळ सांगून आलं आहे, मुलगा दवाखान्यात कंपौंडर आहे, पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी ती माणसं बघायला येणार आहेत. दादाला रजा मिळत नाही. मलाही जमेलसं दिसत नाही. कमळीला दिवाळीत आणू. कार्ड इथं संपलं. सुशी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती कांड्या भरायला. घरोघरी मागाचं सूत यायचं आणि रहाटावर ते कांड्यांना गुंडाळायचं काम बायका-पोरी करायच्या. सुशी आणि मी एकाच रहाटाशी आळीपाळीनं बसायचो. एक फिरवायची, दुसरी तिला शाळेतली कविता म्हणून दाखवायची, त्यात गिरणीचा खडखडाट चोवीस तास. लग्न होऊन आल्यावर कित्येक दिवस मला इथल्या शांततेत झोपच येत नसे. सुशीचं लग्न ठरलं म्हणजे पुढं आम्हां दोघींना एकाच वेळी माहेरपण मिळणं अवघड. ती इकडं असेल तेव्हा मी तिकडं, नाहीतर मी असेन तेव्हा ती नाही. ही एक पंचमी गेली तर गेलीच. हे मला कळत होतं, पण बोलायची माझी छाती नव्हती. मी कार्ड भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि भाकरी थापायला गेले.

बोलले ते मामंजी. ते पलटणीतून पेन्शनीत आलेले. कमी बोलत, पण बोलले की घरातली मांजरंसुद्धा गप्प बसायची. त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "कमळे, तू जा."

आत्याबाई म्हणाल्या, "कुणासंगं?"

"एकटी."

"आवं, काय बोलताय? लोकं काय म्हणतील? घालवून दिली म्हणतील."

"लोकं गाडीत बसत्यात का तिच्या? कोरेगावात बसायचं, माधवनगरात उतरायचं. मधी कुठं गाडी बदलायची न्हाई. तिला तर पाट्या वाचता येत्यात. मी पहिल्यांदा पलटणीत गेलो तवा मला त्या बी येत नव्हत्या."

"तुमी गडी हुता."

"भ्यालोवतो मात्र बाईवानी," मामंजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

आत्याबाई दोन दिवस धुसफुसत राहिल्या. आमचे मालक तेव्हा ट्रकवर असत, आठ-आठ दिवस घरी नसत, त्यामुळं त्यांना विचारायचा प्रश्नच आला नाही. मामंजींनी माझ्याकडून आण्णांना कार्ड लिहून घेतलं, की कमळ अमुक दिवशीच्या पॅसेंजरनं येत आहे, स्टेशनवर यावे. ते कार्ड त्यांनी स्वतः पेटीत टाकलं. आणि जायच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनीच मोठं बोचकं बांधून पुढ्यात ठेवलं. आत घेवड्याच्या हिरव्या शेंगा दाबून भरलेल्या. "पाव्हणं येणार हायती तुझ्या आयकडं. रिकाम्या हातानं गेलीस तर मला नावं ठिवतील." बोचकं एवढं मोठं होतं, की त्यामागं मी दिसत नव्हते.

मामंजींनी गाडी जुंपली. त्यांच्या गुडघ्याला मार होता, तरी ते स्टेशनात आत आले. तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि मला समोर उभं करून पलटणीतल्यासारखी स्टेशनं पाठ करून घेतली. रहिमतपूर, तारगाव, मसूर, कऱ्हाड, शेणोली, ताकारी, भिलवडी, नांद्रे. मधली बारकी सोडून दे म्हणाले. "नांद्रं गेलं की उठून दाराशी यायचं. उतरताना तोंड इंजनाकडं ठिवायचं. आन् डरायचं न्हाई." मी पदराआडून मान हलवली. सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि माझा स्वभावही तसाच. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर सरळ ताठ उभे होते, जसं कुणाला रवाना करायचं असतं तसे.

त्या दिवसाची गोष्ट मी आजवर नीट कुणाला सांगितलेली नाही, म्हणून आता थोडं सावकाश लिहिते.

आधी मला फक्त भीती आठवते. बोचकं मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला. समोर एक म्हातारी बसली होती. मोठं कुंकू, हातात चांदीचं जाड कडं, पायाशी घोंगड्याची वळकटी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठं निघालीस बाय?"

"माधवनगरला."

"सोबतीला कोण हाय?"

"भाऊ हाय. पलीकडल्या डब्यात."

म्हातारी "हूं" म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली. रहिमतपूर आलं. मी पाटी वाचली आणि मनात एक खूण केली. तारगाव आलं, दुसरी खूण. म्हातारी मधेच विचारायची, "ह्ये कुठलं?" मी सांगायची. मग शेजारच्या बाकावरची एक पोरवाळी बाईही विचारायला लागली, तिच्या पलीकडची दुसरी. कऱ्हाड येईपर्यंत अख्ख्या बायांच्या डब्यात, "त्या खिडकीतल्या बाईला इचारा, तिला वाचता येतंया," असं झालं. दोन वर्षं सासरी माझं वाचणं कार्डापुरतं होतं, आणि त्यातही बातमी वाईट निघाली की मीच काहीतरी केल्यासारखं सगळे माझ्याकडं बघत. इथं मी पिवळ्या पाटीवरचं नाव मोठ्यानं म्हणायची आणि बाया बोचकी आवरून उभ्या राहायच्या. कधी पदर खांद्यावर आला ते माझं मलाच कळलं नाही.

कऱ्हाडाच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊस लागला. गाडी उसाच्या इतकी जवळून जायची की पाती खिडकीत येतात असं वाटायचं. आत्याबाईंनी दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी मी सोडली. म्हातारीनं तिच्या फडक्यातल्या भाजलेल्या शेंगा पुढं केल्या. खाता खाता म्हणाली, "भावाला हाक मार की. त्यो बी जेवंल दोन घास."

मी घास तसाच धरून बसले.

"न्हाई न्हवं भाऊ?"

"न्हाई."

म्हातारी इतकी हसली, की तिला ठसका लागला. "अगं मग सांगायचं की! मला बी कोण न्हाई. मेंढरामागं सारा मुलुख पायाखाली घातलाय म्या, कवा कोण मुराळी आला न्हाई. आता लेकीकडं निघालीया ताकारीला. सांगितलंय का तिला? न्हाई. दिसली म्हंजे कळंल."

ताकारीला समोरची गाडी यायची होती, म्हणून आमची थांबली. म्हातारीचं घोंगडं जड होतं. ते उतरवायला मी तिच्याबरोबर खाली आले. तिनं माझ्या गालावर हात फिरवून बोटं मोडली आणि एकदाही मागं न बघता रुळाच्या कडेनं चालायला लागली. मला लगेच वर चढायचं होतं. पण फलाटावर नळ होता, तिथं जाऊन मी पाणी प्याले. मग लिंबाच्या झाडाखाली उभी राहिले. नुकतीच एक सर येऊन गेली होती, पानांतून थेंब पडत होते. इंजिन सुसकारे टाकत होतं, बाकी सगळं शांत. आणि माझ्या मनात आलं, की आत्ता मी इथं आहे हे साऱ्या जगात कुणालाच माहीत नाही. आत्याबाईंना माहीत नाही, आईला माहीत नाही. मी कुणाची सून म्हणून इथं उभी नाही, कुणाची लेक म्हणून नाही. कुणी मला हाक मारणार नाही. किती वेळ झाला ते सांगता येणार नाही, दहा मिनिटं असतील. मी काहीसुद्धा केलं नाही. नुसती उभी होते आणि ओले हात पदराला न पुसता तसेच वाळू दिले. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा मी पळत सुटले. पोरवाळ्या बाईनं हात देऊन मला वर ओढलं. "अगं भवाने, ऱ्हायली असतीस की!" ती ओरडली. मला हसू आवरेना.

आता मी साताऱ्याला मुलाकडं असते. कुठं जायचं म्हटलं की तो गाडी पाठवतो, आणि मी कुठवर पोचले ते त्याच्या मोबाइलवर त्याला दिसतं. परवा मिरजेला जाताना ताकारीच्या फाट्याशी ड्रायव्हरला जरा थांब म्हटलं, तर पाचव्या मिनिटाला मुलाचा फोन. "आई, गाडी का थांबली? बरं वाटतंय ना?" पोर मायेनंच विचारतं. मी म्हटलं, काही नाही रे, पाणी प्यायला.

त्या दिवशी मग येरळेच्या पुलावरून आगगाडी धडधडत गेली, नांद्रे गेलं, मी दाराशी आले, तोंड इंजिनाकडं ठेवून उतरले. स्टेशनावर आण्णा नव्हते. कार्ड पोचलंच नव्हतं, ते चार दिवसांनी आलं. मी थोडी थांबले, मग पदर पुन्हा हनुवटीपर्यंत ओढला आणि बोचकं डोक्यावर घेऊन घराकडं चालू लागले. गिरणीचा आवाज कानावर आला तसे माझे पाय पळायला लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळावर बायांची रांग होती. मी मान खाली घालून पुढं गेले. दारात आई सूप घेऊन लाह्या पाखडत होती. मी म्हटलं, "आई."

आईनं वर बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरले नाही. हसू नाहीच. तिनं माझ्या मागं बघितलं, बोचक्याकडं बघितलं, आणि सूप तिच्या हातातून सुटलं. लाह्या साऱ्या अंगणभर. दंड धरून तिनं मला आत ओढलं, दार लावलं, आधी गळ्यातलं मंगळसूत्र हातात धरून बघितलं, मग माझ्या बाह्या वर केल्या, पाठ उघडी करून बघितली.

"काय केलंस गं? का घालवली त्येंनी?"

"न्हाई आई, पंचमीला आली."

"कोण आलंय संगं?"

"कोणी न्हाई. एकटी आली."

आई मटकन खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली. सुशी रहाटावरून उठून भिंतीला चिकटून उभी होती. मला वाटलं होतं ती येऊन गळ्यात पडेल. ती हळूच म्हणाली, "आक्का, पंचमी झाली की मिरजेची माणसं येणार हायती." तेवढं बोलली आणि तिचेही डोळे भरले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थाची बहीण आमच्याच गल्लीत राहायची, आणि मी आले तेव्हा ती नळावर होती. थोरली टाकलेली असेल तर धाकटीला कोण करून घेईल?

मागच्या दारानं हौसामावशी आली. ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची, विधवा, तोंडानं फटकळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आईला बाजूला सारून बोचक्याची गाठ सोडली. घेवडा भसकन जमिनीवर आला.

"रडतीस कशाला येडे?" ती आईला म्हणाली. "घालवून दिलेल्या सुनंला कोण घेवडा बांधून देतंय व्हय? त्यो बी असा कवळा!"

आईनं एक शेंग हातात घेतली, मोडून बघितली आणि तिचा थोडा विश्वास बसला. "पर गल्लीला घेवडा कोण दाखिवणार, हौसा?"

हौसामावशीनं मला विचारलं, नळावर कुणी तुझं तोंड बघितलं का? मी म्हटलं नाही, पदर होता. कुणाशी बोललीस? नाही. "मग झालं तर," ती म्हणाली. "लाजाळूपणाचा कधी तरी उपेग झाला." आणि घागर घेऊन ती तशीच नळावर गेली. आम्ही खिडकीच्या फटीतून ऐकत होतो. मध्यस्थाच्या बहिणीनं विचारलंच, "कोण वो ती मघाशी गेली? थोरली वाटली." हौसामावशी म्हणाली, "थोरली कुठली? माझी भाची ती, बुधगावची. दारं चुकली मेली. पाठवली मागच्या दारानं परत."

गिरणीचा भोंगा झाला, आण्णा घरी आले. आईनं त्यांना चूल पेटवता पेटवता सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते पाटावर बसले. मग म्हणाले, "म्हंजे हिला मला आणायला पायजे." आधी आम्हाला काही उमगलं नाही. पण त्यांनी ठरवलं ते असं, की उजाडायच्या आत मला सायकलवरून नांद्रेला न्यायचं, आणि सकाळच्या गाडीनं माधवनगरला परत यायचं. म्हणजे गल्लीनं बघावं, की बाप गेला आणि लेकीला घेऊन आला.

तांबडं फुटायच्या सुमाराला मागच्या बोळातून आम्ही निघालो. मी सायकलच्या कॅरेजवर, मांडीवर बोचकं. घेवडा रात्री निम्मा शिजला होता, म्हणून आईनं त्यात जुनी वाकळ कोंबली होती. नेसूचं लुगडंही बदललं होतं. आण्णा धापा टाकत सायकल मारत होते, चढाला उतरून ढकलत होते. एवढा वेळ मी आण्णांबरोबर एकटी कधी नव्हते. नांद्रेच्या स्टेशनात त्यांनी ओळखीच्या पोर्टरकडं सायकल ठेवली. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. माधवनगर पुढचंच स्टेशन. आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोरेगावास्नं एकटी आलीस?"

"व्हय."

"भ्याली न्हाईस?"

"न्हाई."

"मी अजून कऱ्हाडच्या पलीकडं एकटा गेलो न्हाई," आण्णा म्हणाले. मग तिकिटं खिशात आहेत का ते त्यांनी पुन्हा चाचपून बघितलं.

गल्लीत शिरलो तर हौसामावशी भाकरीचा तुकडा घेऊन दारात तयार. माझ्यावरून ओवाळून टाकताना तिनं इतका आवाज काढला, की पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जावं. "आली गं माझी कमळी! आणलीस व्हय रं भाऊ लेकीला! दोन वर्षांनी पाय लागलं!" आईनं माझी दृष्ट काढली. कालची ती भीती तिच्या अंगात अजून होती, त्यामुळं ती खरोखरच रडली, आणि ते फार शोभून दिसलं. मध्यस्थाची बहीण बघायला आली होती. "बोचकं कालच्या तुमच्या भाचीसारखंच हाय वो," ती म्हणाली. हौसामावशी म्हणाली, "मग? एकाच गिरणीचं धोतर फाडून सारा मुलुख बोचकी बांधतोय." आण्णा मान फिरवून खोकले. मला हसूही आलं आणि आतून काहीतरी पुसून गेल्यासारखंही वाटलं. माधवनगरला मी गाडीतून दोनदा उतरले, पण लोकांच्या लेखी ही दुसरी खेपच खरी होती.

पंचमीला उकडलेली पुरणाची दिंडं केली. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून आई पहाटेपासून मोदकपात्राशी. गिरणीच्या मागच्या पिंपळाला झोका बांधला होता. सुशी आणि मी एकाच झोक्यावर समोरासमोर उभ्या राहिलो. वर गेलं की तिची वेणी माझ्या तोंडावर यायची. मी तिला ताकारीचं सांगायला लागले, पण ती म्हणाली, "आक्का, हळू. कुणी ऐकंल." आम्ही झोका इतका चढवला, की खालच्या बाया ओरडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मिरजेची माणसं आली. मुलगा सरळ वाटला, त्याची आई मात्र चाणाक्ष. पोहे खाऊन झाले, सुशीला चालायला लावलं, केस बघून झाले. मी चहाचे कप उचलायला बाहेर आले. तर ती बाई मला म्हणाली, "तू थोरली न्हवं? कोरेगावाकडं दिलीया तुला. एकटीच आलीस का कुणी आणली?"

आईचा हात दाराच्या चौकटीवर होता. सुशी खाली बघत होती, तिच्या पायाचा अंगठा जमिनीत रुतला होता. गिरणीचा आवाजसुद्धा मला ऐकू येईना. गाडीतल्या बाया सोडल्या तर मी आयुष्यात अनोळखी माणसाशी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी मी मान वर केली आणि म्हणाले, "आण्णा आलं हुतं न्यायला."

"बरं झालं," ती बाई म्हणाली. "बापाला माया असली म्हंजे लेकीला किंमत असती."

सुपारी त्याच दिवशी फुटली. सुशीचा संसार चांगला झाला. आता तिला नातवंडं आहेत, आणि ती अजूनही त्यांना सांगते, की मला बघायला आले त्या पंचमीला आण्णा आक्काला आणायला कोरेगावला गेले होते. ती जाणून बोलते का आता तिला तेच खरं वाटतं, मी विचारलेलं नाही. तिच्यासाठी मी ते शंभरदा म्हटलं असतं. तरी ते दिवस आठवले की माझ्या जिवाला ओढ लागते ती माहेराची नाही, झोक्याचीही नाही. खिडकीतून पाट्या वाचणारी ती मुलगी कुठं गेली असं वाटतं. पुढं मी पुष्कळ प्रवास केला. काशी झाली, तिरुपती झालं. दर वेळी कुणीतरी होतंच बरोबर.

परत सासरी मला आण्णांनीच पोचवलं. ते दुपारच्या गाडीनं लगेच माघारी गेले. सांजेला मी भांडी घासून आत निघाले होते. ओट्यावर मामंजी घायपाताच्या वाखाचा दोर वळत बसले होते. आत्याबाई गोठ्यात होत्या. मामंजींनी दोर वळायचा थांबवला. आतापर्यंत सगळ्यांनी मला एवढंच विचारलं होतं, की मुराळी कोण होता, लोकांनी बघितलं का, पाहुणे काय म्हणाले. मामंजी म्हणाले, "कशी झाली गं वाट? काय काय बघितलंस?"

त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं. खरंच ऐकायचं होतं त्यांना. म्हातारीचं घोंगडं, उसाची पाती, लिंबाखालचे थेंब, मी नाव म्हटलं की उभ्या राहणाऱ्या त्या बाया, सगळं माझ्या जिभेवर आलं. पण सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहून बोलायचं तरी कसं? मी पदर ओढला.

"बरी झाली," मी म्हणाले.

ते अजून थोडं थांबले. मग "बरं," म्हणाले. पुढची पंचमी त्यांनी बघितली नाही. त्या सांजेला मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि रहिमतपूरपासून सुरुवात करून त्यांना सगळं सांगितलं, मनातल्या मनात, एक स्टेशन न चुकवता. बाहेर दोराचा पीळ पुन्हा करकरायला लागला होता.